आयबीचं सिलेक्शन झालंय आणि घरात रोज वाद चाललाय

पत्र (थोडं छोटं करून देतेय):

ताई नमस्कार, आम्ही डॅलसजवळ राहतो, मुलगी आठवीत आहे. आमच्या स्कूल डिस्ट्रिक्टच्या एका पब्लिक (म्हणजे सरकारी) हायस्कूलमध्ये आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) प्रोग्रॅम आहे, तिने स्वतःच फॉर्म भरला, निबंध लिहिला आणि आता सिलेक्शनचं पत्र आलंय, दोन आठवड्यांत कळवायचंय. नवरा म्हणतो घराजवळच्या शाळेत राहून दहा-बारा एपी (अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट, कॉलेजच्या पातळीचे सुटे विषय) करू दे, वर्गात रँक चांगली येईल, शिवाय त्या आयबीवाल्या शाळेचं रेटिंग आपल्या शाळेपेक्षा कमी आहे. मैत्रीण म्हणते तिच्या ओळखीतली आयबीची मुलं रात्री दोन-दोनपर्यंत जागतात. पुण्याहून जाऊबाई म्हणतात, इथे लोक आयबीला लाखो रुपये मोजतात, तुम्हाला फुकट मिळतंय तर विचार कसला करता! त्यात आमचं ग्रीन कार्ड लाइनीत, कधी परत जावं लागेल सांगता येत नाही. मुलीचं भरतनाट्यम चालू आहे, अरंगेत्रम (रंगमंचावरचा पहिला एकटीचा कार्यक्रम) तीन वर्षांवर आलंय. मला काही सुचत नाहीये. — गोंधळलेली आई

गोंधळलेल्या आईस,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. त्यात नवरा बोललाय, मैत्रीण बोललीय, जाऊबाई तर पुण्यात बसून बोलल्यात, आणि जिने फॉर्म भरला तिचं एक वाक्य नाही. आठवीतली मुलगी कोणी मागे न लागता निबंध लिहून फॉर्म भरते हे मला तरी फार मोठं वाटतं, आमच्याकडे आठवीत ओला टॉवेल उचलायला पण तीनदा सांगावं लागायचं. तर तिच्याकडे येऊच, आधी बाकीच्यांना उत्तर देऊ.

जाऊबाईंपासून सुरू करते, ते सोपं आहे. पुण्यामुंबईत आयबी म्हटलं की एसी बस, स्विमिंग पूल आणि डोळे पांढरे करणारी फी हेच चित्र समोर येतं, त्यात त्यांची काही चूक नाही. अमेरिकेत मात्र आयबीच्या बहुतेक शाळा साध्या पब्लिक शाळा आहेत, पिवळ्या बसवाल्या. आणि हे प्रकरण श्रीमंतांचा शौक म्हणून निघालेलंही नाही. १९६८ साली जिनिव्हात ही संस्था सुरू झाली ती ज्यांच्या आईबापांच्या या देशातून त्या देशात बदल्या व्हायच्या अशा मुलांसाठी, की बारावीला एक असं सर्टिफिकेट असावं जे कुठल्याही देशातली युनिव्हर्सिटी मानेल. म्हणजे बापाची बदली झाली तर पोरांच्या शाळेचं काय, ही आपल्याकडे बँकवाल्यांच्या आणि रेल्वेवाल्यांच्या घरात दर उन्हाळ्यात चालायची तीच चिंता, फक्त जरा मोठ्या नकाशावर. तुमच्या घरात पण सध्या तीच आहे ना? ते ग्रीन कार्डचं खाली बोलते.

फुकट मात्र अगदी फुकट नसतं. शाळेची फी नाही, पण शेवटी परीक्षेची फी असते, विषयाला शंभर डॉलरच्या वर, आणि विषय सहा. बऱ्याच ठिकाणी डिस्ट्रिक्ट त्यातला काही भाग भरतं, कधी सगळी भरतं, तर एवढं विचारून ठेवा.

रेटिंगचं. बऱ्याच डिस्ट्रिक्टांनी आयबी मुद्दाम अशा हायस्कूलमध्ये नेऊन ठेवलं जिकडे लोक पाठ फिरवायला लागले होते, हेतू हा की अभ्यासू मुलं दुसऱ्या भागातून तिकडे येतील आणि शाळा सावरेल. त्यामुळे आयबीची शाळा आणि घरविक्रीच्या वेबसाइटवर नऊ-दहा रेटिंग दिसणारी शाळा ह्या अनेकदा वेगवेगळ्या असतात. ते रेटिंग सगळ्या दोन-अडीच हजार मुलांच्या सरासरीवरून येतं, तुमच्या मुलीच्या केमिस्ट्रीच्या वर्गात कोण शिकवतंय ते त्यात दिसत नाही. आपल्या पार्ट्यांमध्ये "ती शाळा जरा तशीच आहे हं" असं आवाज खाली करून बोलतात ना, त्यातलं अर्धं शाळेबद्दल नसतंच, तिथे कोणाची मुलं जातात त्याबद्दल असतं. मला ते ऐकलं की राग येतो, असो. माझी थोरली अशाच "तशा" शाळेत आयबी करून बाहेर पडली आणि तिच्या आजही सगळ्यात जवळच्या दोन मैत्रिणी तिथल्याच, त्यातली एक आयबीत नव्हतीसुद्धा.

आता आयबीत असतं काय, कारण तुमच्या पत्रावरून वाटलं की घरात सगळे "एपीपेक्षा अवघड" एवढंच धरून भांडताहेत. आयबीचा डिप्लोमा हा फक्त ११वी आणि १२वीचा, दोन वर्षांचा. ९वी-१०वीला असतं ते प्री-आयबी, म्हणजे बहुतेक ठिकाणी शाळेनेच लावलेले ऑनर्सचे वर्ग. हे नीट लक्षात ठेवा, आत्ता हो म्हणालात म्हणजे चार वर्षं बांधली गेली असं नाही, १०वीच्या शेवटी बाहेर पडायचं दार असतं. ११वीपासून सहा विषय: आपली भाषा आणि तिचं साहित्य, दुसरी भाषा, समाजशास्त्रांपैकी एक, एक सायन्स, गणित, आणि सहावा कलेचा किंवा त्याऐवजी आणखी एखादं सायन्स वगैरे. त्यातले साधारण तीन हायर लेव्हलला, तिथे दोन वर्षांत मिळून २४० तास शिकवणं अपेक्षित असतं, तीन स्टँडर्ड लेव्हलला, तिथे १५०. प्रत्येकाला ७ पैकी गुण, म्हणजे ४२, आणि वरचे ३ हे टीओके (थिअरी ऑफ नॉलेज) आणि एक्सटेंडेड एसे, म्हणजे स्वतः विषय निवडून लिहायच्या ४,००० शब्दांच्या निबंधाचे, एकूण ४५. डिप्लोमा मिळायला किमान २४ लागतात, बाकी काही अटीही असतात. जगाची सरासरी ३० च्या आसपास असते. हे आत्ताच सांगून ठेवते कारण आपल्याकडे ३४ ऐकलं की लगेच कोणीतरी टक्के काढतं आणि "पंच्याहत्तरच?" म्हणतं, तर ३४ हा चांगला स्कोअर आहे, कृपा करून टक्के काढू नका.

टीओके म्हणजे आपल्याला जे माहीत आहे ते खरंच माहीत आहे हे कशावरून, असा विषय. त्यात तीन वस्तू निवडून एक छोटं प्रदर्शन करायचं आणि १,६०० शब्दांचा निबंध. मुलं सुरुवातीला त्याची टिंगल करतात आणि नंतर जेवणाच्या टेबलवर तेच वापरून आपल्याला गप्प करतात. शिवाय कॅस, म्हणजे अठरा महिने कला, शरीराची मेहनत आणि सेवा, ह्या तिन्हीची नोंद ठेवत राहायचं. आणि ह्या सगळ्याखाली आयए, प्रत्येक विषयात स्वतः करायचा एक प्रोजेक्ट, सायन्स आणि गणितात तो अंतिम गुणांच्या २० टक्के असतो. सायन्सला स्वतः प्रश्न काढायचा, स्वतः प्रयोग ठरवायचा, फसला तर का फसला ते लिहायचं.

आयबी अवघड आहे ते ह्या लिखाणामुळे. गणितात एपीतलं कॅल्क्युलस पण तेवढंच खोल आहे, कदाचित जास्त. पण एपीत एका वर्षात विषय संपतो, मे महिन्यात परीक्षा, ५ पैकी गुण, जुलैत निकाल, पुढचा विषय. आयबीत एक काम तुमच्या उशाशी वर्षभर पडून असतं. थोरलीने तिचा एक्सटेंडेड एसे केमिस्ट्रीत केला, आमसुलातलं आम्ल साठवणीत कसं बदलतं असं काहीतरी होतं, त्यासाठी माझ्या मावसबहिणीकडून रत्नागिरीहून तीन वर्षांची आमसुलं मागवली, मग पहिल्या खेपेचे आकडे कुठे जुळेचनात, फ्रीजमध्ये सहा महिने लेबल लावलेल्या बाटल्या, आणि मी एकदा त्यातलीच दोन आमसुलं आमटीत टाकली तेव्हा जे महाभारत झालं ते सांगत नाही. पण तिला ते आवडत होतं. ती चिडायची, रडायची पण परत जाऊन बसायची. धाकटा अगदी उलट, त्याला प्रश्न द्या, वेळ लावा, तो सोडवेल, पण "ह्यावर तुला काय वाटतं ते चार पानं लिही" म्हटलं की त्याच्या पोटात दुखायला लागायचं. त्याने एपी केले, नऊ केले, मजेत होता. दोघांत हुशार कोण हे मला आजही सांगता येणार नाही.

म्हणून तुमच्या नवऱ्याला सांगा की एपी म्हणजे कमी आणि आयबी म्हणजे जास्त असं काही नाही. आयबी ही राइस प्लेट आहे, नावडती भाजी पण वाटीत येणारच, एपी म्हणजे हवं ते सुटं मागवा. ज्या मुलाला फिजिक्स, गणित, कॉम्प्युटर एवढंच खायचंय त्याला राइस प्लेट कशाला.

पण नवऱ्याचा रँकचा मुद्दा मी उडवून लावणार नाही, टेक्सासमध्ये तो खरा आहे. १९९७ च्या कायद्याने वर्गातल्या वरच्या दहा टक्के मुलांना राज्याच्या पब्लिक युनिव्हर्सिटीत आपोआप प्रवेश मिळतो, ऑस्टिनच्या युनिव्हर्सिटीने मात्र तो वरचेवर आवळत नेलाय आणि २०२६ च्या फॉलपासून वरच्या पाच टक्क्यांवर आणलाय. आपोआप प्रवेश म्हणजे युनिव्हर्सिटीत प्रवेश, कॉम्प्युटर सायन्स किंवा इंजिनीअरिंग मिळेलच असं नाही, ते वेगळं ठरतं. हे बऱ्याच घरात १२वीतच कळतं. तर विचारायचं ते असं: ह्या डिस्ट्रिक्टमध्ये आयबी आणि एपीला जीपीएत (शाळेच्या गुणांच्या सरासरीत) वजन सारखं आहे का, आयबीच्या मुलांची रँक त्या शाळेत धरतात की मूळच्या शाळेत, आणि १०वीनंतर परत आलो तर रँक कशी लावणार. हे सगळं डिस्ट्रिक्टप्रमाणे बदलतं, ओळखीतल्या कोणाच्या डिस्ट्रिक्टचं उत्तर तुम्हाला लागू होणार नाही. आणि मोठ्या साध्या शाळेत छोटा आयबी प्रोग्रॅम असेल तर कधीकधी वरचे पाच टक्के निम्मे आयबीचेच असतात, तुमच्या नऊ-दहा रेटिंगवाल्या शाळेत मात्र पाच टक्क्यांत यायला वर्गातली शंभर तसलीच मुलं मागे टाकावी लागतील. नवऱ्याला हे गणित कागदावर करू दे, त्याला आवडेल.

टेक्सासचा अजून एक फायदा. पूर्ण डिप्लोमा मिळवलेल्या मुलाला राज्याच्या पब्लिक युनिव्हर्सिटीने किमान २४ क्रेडिट अवर्स द्यायचे, म्हणजे कॉलेजचा तेवढा अभ्यास आधीच झाला असं धरायचं, असा कायदा आहे, ४ च्या खाली गुण पडलेल्या विषयाचं द्यायची सक्ती नाही. २४ म्हणजे जवळजवळ एक वर्ष. बाकी राज्यांत आणि प्रायव्हेट युनिव्हर्सिटींत बऱ्याचदा फक्त हायर लेव्हलला आणि तेही ५-६ किंवा त्याच्या वर असेल तरच क्रेडिट मिळतं, त्या मानाने एपीचं क्रेडिट सरळ असतं. पण क्रेडिटसाठी म्हणून हे दोन वर्षं करू नये, क्रेडिट स्वस्तात मिळवायला कम्युनिटी कॉलेज आहे.

आता ग्रीन कार्ड. मला वाटतं तुमच्या पत्रातला खरा मुद्दा हा आहे आणि तुम्ही तो एका ओळीत उरकलाय. मुलगी एच-४ वर, म्हणजे आईबापांच्या वर्क व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर असेल तर २१ व्या वर्षी ती त्या व्हिसातून बाहेर पडते, लाइन हलली नाही तर तिला स्वतःचा विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागेल, आणि तेव्हा ती कॉलेजच्या मध्यात असेल. अशा घरात आयबीला एक वेगळं वजन येतं. ११वीत असताना परत जावं लागलं तर पुण्यात, मुंबईत, दुबईत, सिंगापूरला आयबीच्या शाळा आहेत, तोच अभ्यासक्रम, मे महिन्यात तीच परीक्षा. त्याच विषयांची, त्याच लेव्हलची शाळा शोधावी लागेल आणि तिथे फी मात्र जाऊबाई म्हणतात तीच पडेल. एपी करणाऱ्या अमेरिकन हायस्कूलच्या मुलाला ११वीत आपल्याकडे आणून बसवणं हा प्रकार मी एका घरात जवळून पाहिलाय, कागदपत्रांच्या मागे धावताना बापाचं वर्ष गेलं. ब्रिटनच्या युनिव्हर्सिटी तर सरळ आयबीच्या आकड्यात ऑफर देतात, एकूण इतके आणि हायर लेव्हलला ७, ६, ६ असं. भारतात असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीज आयबी डिप्लोमाला बारावीच्या बरोबरीचा मानते. पण इथे दोन गोष्टी. इंजिनीअरिंगला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स लागतात, म्हणजे कलेचा विषय सोडून दुसरं सायन्स घ्यावं लागेल, आणि मेडिकलला तिन्ही सायन्स हवीत, ते नेहमीच्या डिप्लोमाच्या चौकटीत बसत नाही, आधीपासून खास परवानगीचं बघावं लागतं. आणि जेईई, नीट ह्या आयबीने सुटत नाहीत, त्यांचा अभ्यास वेगळाच. डिप्लोमाचा निकालही जुलैच्या पहिल्या आठवड्यात येतो, तोपर्यंत आपल्याकडे प्रवेशाची धावपळ सुरू झालेली असते.

मैत्रिणीच्या रात्री दोनबद्दल. खोटं नाही, पण सगळं खरंही नाही. १२वीचा पहिला अर्धा भाग खरोखर वाईट असतो, कॉलेजचे अर्ज, एक्सटेंडेड एसे आणि तीन-चार आयए एकाच वेळी येऊन कोसळतात. ज्या मुलांनी ११वीच्या सुट्टीत एसेचं काम उरकलेलं असतं ती साडेअकराला झोपतात, बाकीची दोनला. आमची नोव्हेंबरात दोनवालीच होती, मी खोटं कशाला बोलू. एक मात्र आधीच सांगते, ह्या काळात कोणीतरी तुम्हाला नंबर देईल, "ऑनलाइन ट्यूटर आहेत, आयए लिहून देतात". शिकवणी हवी तर लावा, लिहून घेऊ नका. पकडलं गेलं की त्या विषयाला ग्रेडच देत नाहीत आणि एक विषय गेला की अख्खा डिप्लोमा जातो.

भरतनाट्यम चालू राहू शकतं, आणि राहावं. कॅसमध्ये ते धरता येतं, पण आठ वर्षं करतोय तेच चालू असं चालत नाही, काहीतरी नवीन त्यात असावं लागतं, म्हणजे लहान मुलींना शिकवलं किंवा स्वतः एखादं पद बसवलं तर छान. अरंगेत्रम मात्र १०वीच्या उन्हाळ्यात करून टाका. ११वीच्या नंतरच्या उन्हाळ्यात ठरवलंत तर हॉल, केटरर, ज्वेलरी आणि एक्सटेंडेड एसे सगळं एकाच घरात, मी येणार नाही जेवायला.

दुसऱ्या भाषेचं पण बघा. तिने मिडल स्कूलला स्पॅनिश किंवा फ्रेंच घेतलंय का? ११वीपर्यंत तीन-चार वर्षांचा पाया असला तर तो विषय हलका जातो.

शाळेत भेटायला जाल तेव्हा प्रिन्सिपलचं भाषण ऐका पण गाठा आयबी को-ऑर्डिनेटरला. एकच प्रश्न विचारायचा असेल तर हा विचारा: गेल्या वर्षी १२वी झालेल्या बॅचमध्ये ११वीला डिप्लोमा सुरू केलेली मुलं किती होती आणि परीक्षेला बसली किती. उत्तर पटकन आकड्यात आलं तर चांगलं, "आमची मुलं खूप छान करतात" असं आलं तर परत विचारा. दुसरं, कुठले विषय हायर लेव्हलला दरवर्षी नक्की चालतात. आमच्याकडे ११वीच्या आधी मे महिन्यात कळलं की फिजिक्स हायर लेव्हलला चारच मुलं आहेत म्हणून वर्ग होणार नाही, त्यात को-ऑर्डिनेटरही बदलली, मग थोरली केमिस्ट्रीकडे गेली. आमसुलं त्यातूनच आली म्हणा, पण तेव्हा घरात सुतक होतं. आणि तिसरं, पूर्ण डिप्लोमा न करता दोन-तीनच आयबी विषय घेता येतात का, कारण तो मधला रस्ता बऱ्याच शाळांत असतो, आणि घरी कोणी हरल्यासारखं न वाटता त्यावर एकमत होतं.

आता मुलगी. तिला "तुला जायचंय का" विचारू नका, ती हो म्हणेल, पत्र आलंय, मैत्रिणींना सांगून झालं असेल. तिला विचारा की फॉर्मचा निबंध लिहिताना कसं वाटलं. कितीदा खोडून लिहिला, कोणाला दाखवला का, लिहून झाल्यावर परत वाचावासा वाटला का. ती त्या निबंधाबद्दल दहा मिनिटं बोलत बसली तर तिला आयबीला पाठवा, असं माझं मत. "झालं एकदाचं" म्हणाली तर घराजवळची शाळा आणि एपी, आणि तेही नवरा जिंकला असं न दाखवता. हे विचाराल तेव्हा नवरा गाडी चालवत असेल असं बघा, समोरासमोर बसलं की बाप लोक लगेच रँकवर येतात.

आणि बस किती वाजता येते ते विचारा, कारण डिस्ट्रिक्टच्या दुसऱ्या टोकाची शाळा म्हणजे ह्या मुलांची बस कधीकधी सहाच्या आधी असते आणि मग रात्री दोनचं जे काय आहे ते वेगळंच दिसायला लागतं. बस नसेल तर सोडायला कोण जाणार हे पण आत्ताच ठरवा. आमच्याकडे ते ठरवलं नव्हतं, दोन वर्षं मीच गेले.